परदेशी पैसा, गावची वही

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातलं नगरपरिषदेचं गाव. आजूबाजूला उसाचा पट्टा, प्रवरेच्या उजव्या कालव्याचं पाणी, नगर–मनमाड रस्त्यावरची राहुरी फॅक्टरी आणि या सगळ्याची घरपट्टी-पाणीपट्टी गोळा करणारी 'क' वर्ग नगरपरिषद. हद्द संपली की लगेच ग्रामपंचायती सुरू होतात. माती तीच, सोयरीक तीच, बाजारही तोच. बदलतो तो कायदा. अलीकडे 1965 चा नगरपरिषदांचा अधिनियम, पलीकडे 1958 चा ग्रामपंचायतींचा.

ही रेघ नकाशावरची असली तरी पैशाला ती बरोबर दिसते. 1990 नंतरच्या दोन दशकांत नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, जर्मनीचा पैसा दोन मोठ्या कामांसाठी आला. एकदा पाणलोटासाठी, एकदा पिण्याच्या पाण्यासाठी. दोन्ही वेळा तो ग्रामपंचायतींच्या बाजूला गेला. नगरपरिषदांपर्यंत परदेशी मदत पोचली ती निराळ्याच रूपात. रोख रकमेच्या नव्हे, हिशेबाच्या पद्धतीच्या रूपात. म्हणून ती आल्याचं बहुतेकांना कळलंही नाही.

अशा मदतीचं काम चालतं कसं, आणि प्रकल्पाची पाटी गंजल्यावर गावात काय उरतं, हे पाहायला हा जिल्हा सोयीचा आहे. एकाच जिल्ह्यात मदतीने तीन वेगवेगळी दारं वापरून पाहिली.

आधी एक गैरसमज दूर करू. परदेशी बँक सरपंचाच्या हातात चेक देत नाही. करार दोन सरकारांत होतो. नेहमीच्या वाटेने पैसा आधी केंद्राकडे, तिथून राज्याच्या अर्थसंकल्पात, मग खात्याकडे, मग जिल्हा परिषदेकडे आणि शेवटी गावाच्या खात्यावर येतो. त्यातला बराचसा भाग कर्ज असतो. जागतिक बँकेचा पैसा सरकारला फेडावा लागतो, गावाला नाही. आणि राज्याच्या एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळच असते. तेवढ्या पैशासाठी राज्य अडून बसलेलं नसतं. म्हणून देणाऱ्याचा खरा सौदा पाइप-बंधाऱ्यांचा नसतो. काम करण्याची एक विशिष्ट रीत त्याला रुजवायची असते. ती रीत कुणाच्या वहीत लिहिली गेली, यावर पुढचं सगळं ठरतं.

याची पहिली मोठी चाचणी फार जुनी आहे. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला तो 55 प्रकल्पांनी. अमेरिकी सरकारची तांत्रिक मदत आणि फोर्ड फाउंडेशनचा पैसा त्यामागे होता. गटागटांत विकास अधिकारी नेमले, गावोगाव ग्रामसेवक धाडले, शेती, आरोग्य, रस्ते, शिक्षण असं सगळं एका छत्राखाली आणलं. पाच वर्षांनी बलवंतराय मेहता समितीने हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की यंत्रणा गावात पोचली पण गाव यंत्रणेत आलं नाही. लोकांनी निवडलेल्या संस्थेकडे अधिकार दिल्याशिवाय हे जमायचं नाही, असं समितीने 1957 मध्ये सांगितलं. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीनंतर 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या उभ्या राहिल्या.

म्हणजे पंचायत राज हे त्या मदतीचं यश म्हणावं की अपयशातून निघालेली वाट? यातलं दुसरं उत्तरच खरं आहे. पण एक गोष्ट मात्र टिकली. राहुरीच्या पंचायत समितीत आज गटविकास अधिकारी बसतो, ते पद त्याच कार्यक्रमातून आलेलं आहे. अमेरिकी मदत केव्हाच संपली, पद राहिलं, कारण ते सरकारी आस्थापनेत बसवलं होतं.

आता पहिल्या दाराकडे, म्हणजे पाणलोटाकडे वळू. नगर जिल्ह्याच्या दृष्टीने सगळ्यात रसाचा भाग हाच आहे.

हर्मन बाखर हे स्विस जेझुइट धर्मगुरू 1948 मध्ये भारतात आले आणि त्यांची पुढची सगळी उमेद नगर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त गावांत गेली. लोक त्यांना बाखर बाबा म्हणत. त्यांच्या पुढाकारातून भारत–जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. 1980 च्या दशकाअखेर कल्पना मांडली गेली आणि 1992 च्या सुमारास कामं सुरू झाली. 1993 मध्ये 'वॉटर' ही संस्था (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) स्थापन झाली. क्रिस्पिनो लोबो हे बाखरांचे यातले सहकारी.

पैशाची वाट इथे नेहमीपेक्षा वेगळी होती. केएफडब्ल्यू ही जर्मन विकास बँक बांधबंदिस्तीचा मुख्य खर्च द्यायची, तो नाबार्डमार्फत यायचा. लोकांना तयार करण्याच्या खर्चाला जीटीझेड या जर्मन तांत्रिक सहकार्य संस्थेचं पाठबळ होतं आणि ती बाजू 'वॉटर' सांभाळायची. राज्याचा कोषागार मध्ये नव्हताच. रक्कम थेट गावच्या बँक खात्यात पडायची. त्या खात्याच्या चेकवर पाणलोट समिती आणि तिला मदत करणारी स्वयंसेवी संस्था, दोघांच्या सह्या लागायच्या. एकाला दुसऱ्यावाचून रुपया काढता येत नसे.

पण खात्यात रुपया पडण्याआधी गावाला बरंच काही करून दाखवावं लागे. गाव पावसावर अवलंबून असावं, उताराचं असावं, ही भूगोलाची अट. त्यानंतरच्या अटी माणसांच्या. मोकाट चराई बंद, झाडतोड बंद, पाणी वाढल्यावर ते जास्त पाणी पिणाऱ्या पिकांत घालायचं नाही, आणि श्रमदान. राळेगणसिद्धीने चराईबंदी-कुऱ्हाडबंदीची भाषा जिल्ह्याला आधीच शिकवली होती, त्यामुळे हे शब्द कानाला नवे नव्हते. ग्रामसभेत सर्वसंमतीने समिती नेमायची. तीत सगळ्या वस्त्यांची, सगळ्या थरांची माणसं असावीत आणि बायकाही असाव्यात, असा आग्रह होता. मग वर्ष-दीड वर्ष तयारीचा टप्पा. या काळात पाणलोटाचा एक लहानसा तुकडा गावाने स्वतः करून दाखवायचा. मजुरीची हजेरी ठेवायची, कॅशबुक लिहायचं, भांडणं मिटवायची. ते जमलं तरच मोठ्या टप्प्याचा प्रस्ताव नाबार्डकडे जाई.

या टप्प्यातली एक रीत जवळून पाहण्यासारखी आहे. सरकारी मृदसंधारणात नकाशा तालुक्याला तयार होतो आणि चुन्याची फक्की शेतात येते. इथे उलटं केलं. कार्यकर्ता, तांत्रिक माणूस आणि शेतकरी, तोही नवरा-बायको दोघं, असे गट नंबर घेऊन प्रत्येक तुकड्यावर चालायचे. माती किती खोल आहे, उतार किती आहे, आत्ता इथे काय घेता, पुढे काय घ्यायचा विचार आहे, बांध इथून गेला तर ट्रॅक्टर वळायला जागा राहील का, ही सगळी विचारपूस बांधावर उभं राहून व्हायची. ठरेल ते त्या गटाच्या कागदावर लिहायचं आणि मालकाची संमती घ्यायची. असे शेकडो कागद जोडले की पाणलोटाचं अंदाजपत्रक तयार. वेळ फार लागायचा. इंजिनिअर मंडळींना ही कटकट वाटायची. पण ज्या बाईने 'इथे चर नको, माझ्या शेळ्यांची वाट आहे' असं सांगितलं आणि कागदावर चर सरकला, तिला पुढे त्या कामाची पर्वा राहते. आराखड्यात सहभाग म्हणजे काय, हे सांगायला मला याहून नेमकं उदाहरण माहीत नाही.

मजुरीतला वाटाही विचारपूर्वक ठरवला होता. अकुशल मजुरीचा साधारण 16 टक्के भाग गावाने श्रमदान म्हणून सोडायचा. भूमिहीन आणि एकट्या बाईच्या घरांना त्यातून सूट, कारण बांध दुसऱ्याच्या रानात पडणार आणि घाम यांनी फुकट गाळायचा, हे न्यायाचं नव्हे.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे याचं गाजलेलं गाव. 1996 ते 2001 या काळात तिथे काम झालं. विहिरींना पाणी आलं, चारा वाढला, बाहेर जाणारी माणसं कमी झाली. कामातली अवघड गाठ होती ती चराईबंदीची. डोंगर बंद झाला की ज्याच्याकडे रान आहे तो बांधावरचं गवत कापतो. ज्याच्याकडे फक्त मेंढरं आहेत त्याने जायचं कुठे? बंदी टप्प्याटप्प्याने, डोंगराचे तुकडे पाडून घालावी लागते ती यासाठीच. जॉन कर, गणेश पांगारे आणि वसुधा लोकूर पांगारे यांनी महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातल्या 86 गावांचा अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकसहभागाचे प्रकल्प नुसत्या सरकारी-तांत्रिक प्रकल्पांपेक्षा सरस ठरले, असं त्यात दिसलं. त्याबरोबर हेही दिसलं, की काही यशस्वी गावांतच भूमिहीन आणि मेंढपाळांना बंदीची झळ बसली. सर्वसंमतीचा ठराव सुंदर दिसतो. पण 'सर्व' मध्ये मेंढरामागे रानात गेलेला माणूस ग्रामसभेच्या वेळी हजर होता का, हे प्रोसिडिंग बुकातून कळत नाही.

आता दाराचा प्रश्न. हे सगळं ग्रामपंचायतीच्या बाहेर चाललं होतं. समिती ग्रामसभेने नेमलेली, पण तिची वही वेगळी, खातं वेगळं, अध्यक्ष वेगळा. याची कारणं समजण्यासारखी आहेत. पाणलोटाची हद्द पंचायतीच्या हद्दीशी जुळत नाही. निवडणुकीत दोन पॅनेल पडलेल्या गावात सर्वसंमती होत नाही. आणि पंचायतीच्या खात्यावर वरून गटविकास अधिकाऱ्याचा हात असतो. वेगळी समिती काम झपाट्याने करते. पण प्रकल्प संपल्यावर तिच्याकडे ना कर लावण्याचा अधिकार, ना पुढचं अनुदान. देखभालीचा निधी बाजूला ठेवला असला तरी बांध फुटल्यावर ग्रामस्थ जातो सरपंचाकडे, आणि सरपंच म्हणतो ते काम आमचं नव्हे.

केंद्र सरकारही याच दोन टोकांत हेलकावे खात राहिलं. हनुमंतराव समितीच्या शिफारशींवरून 1995 पासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांत पाणलोट समितीला मान होता. 2003 च्या 'हरियाली' सूचनांनी काम ग्रामपंचायतीकडे दिलं. 2008 च्या सामायिक सूचनांनी समिती पुन्हा पुढे आणली, ग्रामसभेच्या छत्राखाली. या हेलकाव्यांतून एकच गोष्ट निर्धोक पार पडली. 1999-2000 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाबार्डकडे 200 कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी जाहीर झाला. नगर जिल्ह्यातल्या गावांवर तावून घेतलेली पद्धत जर्मन पैशाशिवाय इतर राज्यांत जाऊ शकली ती या निधीमुळे. देणाऱ्याने आपला प्रकल्प वाढवत नेला नाही. यजमानाच्या संस्थेने तो आपल्या नावावर घेतला.

दुसरं दार पिण्याच्या पाण्याचं.

27 जुलै 2000 रोजी महाराष्ट्र शासनाने ग्रामीण पाणीपुरवठ्याचं धोरण बदललं. आधी योजना मंत्रालयात ठरायची आणि टाकी गावात यायची. आता गावाने मागणी करायची, भांडवली खर्चाच्या 10 टक्के लोकवर्गणी भरायची आणि देखभालीचा पूर्ण खर्च स्वतः उचलायचा. हे धोरण राबवायला 2003 मध्ये जागतिक बँकेच्या 181 दशलक्ष डॉलरच्या कर्जातून 'जलस्वराज्य' प्रकल्प राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांत सुरू झाला. पुणे, औरंगाबाद आणि अहमदनगर या तीन जिल्ह्यांत मात्र जागतिक बँक नव्हती. तिथे केएफडब्ल्यूच्या मदतीने 'आपलं पाणी' प्रकल्प चालला. देणारे दोन, पण धोरण राज्याचं एकच, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातली रीत इथल्या गावाला परकी नव्हती. हे दिसतं तितकं सोपं नाही. दोन देणारे एका राज्यात आले की दोन प्रकारचे फॉर्म, दोन प्रकारचं ऑडिट, दोन प्रकारचे समन्वयक असा घोळ जगभर होतो. इथे धोरणाचा जीआर आधी आला आणि पैसा त्याच्या मागून, म्हणून बराचसा टळला.

इथला दरवाजा पाणलोटापेक्षा वेगळा होता. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ग्रामसभेने नेमायची, पण ती ग्रामपंचायतीची समिती. निम्म्या जागा बायकांना. पुढे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 49 मध्येच ग्रामविकास समित्यांची जागा पक्की झाली आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आली. म्हणजे प्रकल्पातली पद्धत कायद्याच्या कलमांत उतरली.

काम कसं चालायचं ते एका पाइपावरून पाहा. गावाचा आराखडा ग्रामसभेत मंजूर, मग तांत्रिक मान्यता. पैसे हप्त्याने समितीच्या खात्यात. खरेदी समितीने करायची. तीन दुकानांची कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, समितीचा ठराव, पुरवठा आदेश. पाइप आले की स्टॉक रजिस्टरला नोंद. काम झालं की इंजिनिअर मोजमाप पुस्तिकेत मापं घेणार. मग बिल. आणि बिलाआधी सामाजिक लेखापरीक्षण समिती, म्हणजे खरेदी समितीत नसलेली गावातलीच माणसं, पाइपाचा वर्ग, लांबी, खोदाईची खोली तपासून कागदावर सही करणार. ती सही झाली तरच पुढच्या हप्त्याची वाट मोकळी. आतापर्यंत ही सगळी कागदपत्रं जिल्ह्याच्या कपाटात राहायची, आता ती शाळेच्या वर्गात सतरंजीवर पसरली. अडाणी माणसाला हिशेब कळत नाही, ही समजूत किती पोकळ आहे ते अशा वेळी कळतं. खोदाई तीन फूट लिहिली आणि दोनच फूट झाली, हे ज्याने स्वतः कुदळ मारली त्याला ऑडिटरच्या आधी माहीत असतं.

दुखणं निघालं ते नंतर. टाकी बांधायला 10 टक्के वर्गणी एकदाच द्यायची असते. पाणीपट्टी दर वर्षी द्यायची असते, आणि ती मागायला ज्याने जायचं त्याला पुढच्या निवडणुकीत मतंही मागायची असतात. विजेचं बिल थकलं की मोटार बंद, मोटार बंद की पाणीपट्टी कोण देणार, पाणीपट्टी नाही तर बिल कसं भरणार. प्रकल्पकाळात सहाय्यकारी संस्थेची माणसं पाठीशी होती. प्रकल्प मिटल्यावर ती गेली आणि ग्रामसेवकाकडे आधीच दोन-तीन गावं होती. पुढे 2019 च्या जल जीवन मिशनमध्येही गावची पाणी समिती आणि गावांतर्गत कामाची लोकवर्गणी हे शब्द आले, म्हणजे पद्धतीची आठवण टिकली. मात्र निविदा आणि कंत्राटदार बहुतेक जिल्हा पातळीवर ठरले. कोटेशनाचा तक्ता पुन्हा सतरंजीवरून कपाटात गेला.

या अनुभवाला बाहेरच्या जगात जोड आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 2004 मध्ये देणाऱ्या देशांच्या विकेंद्रीकरणावरील मदतीच्या मूल्यमापनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. समांतर यंत्रणा उभी केली की टिकाऊपणा जातो, केंद्र सरकारचं मन नसेल तर खालची मेहनत वाया जाते, आणि देणाऱ्यांचा आपसात मेळ नसतो, हे धडे त्या सगळ्या अनुभवातून पुन्हापुन्हा पुढे आले. दरेवाडी आणि जलस्वराज्य ओळखणाऱ्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही.

नवं वाटेल ते युगांडाचं. 1990 च्या दशकाअखेर तिथे संयुक्त राष्ट्रांच्या भांडवली विकास निधीने (यूएनसीडीएफ) मोजक्या जिल्ह्यांत वेगळा प्रयोग केला. स्वतंत्र समिती नाही, स्वतंत्र प्रकल्प कार्यालय नाही. पैसा सरळ निवडून आलेल्या जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पात. फक्त दोन गोष्टी जोडल्या. पहिली किमान अट: तीन-चार साध्या गोष्टी असल्याशिवाय अनुदानच नाही, उदाहरणार्थ विकास आराखडा, वेळेवर हिशेब, स्वतःचा ठरावीक वाटा. दुसरी कामगिरी: दर वर्षी बाहेरचं पथक येऊन गुण देणार. चांगलं काम असेल तर पुढच्या वर्षी 20 टक्के जादा, वाईट असेल तर 20 टक्के कमी. गाव काय बांधेल ते गावाने ठरवावं, अट फक्त रीतीची. 2000 पासून जागतिक बँकेच्या मदतीने हीच पद्धत जवळपास देशभर नेली गेली.

मग 2005 मध्ये युगांडाच्या सरकारने श्रेणीनिहाय डोईकर रद्द केला. निवडणूक तोंडावर होती आणि कर अप्रिय होता. पण स्थानिक संस्थांचं स्वतःचं मोठं उत्पन्न तेच होतं. भरपाई पुरी पडली नाही. स्वतःचा वाटा भरायला पैसाच नसेल तर गुण कसले द्यायचे?

इथे देवळाली प्रवरेच्या मतदाराने कान टवकारावेत. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये बंद झाली. नाक्यावरची लाचखोरी आणि ट्रकांच्या रांगा पाहता ती बंद व्हायलाच हवी होती, असं अनेकांचं मत होतं आणि त्यात तथ्य आहे. पण जकात हा पालिकेचा स्वतःचा, रोजच्या रोज हातात येणारा पैसा होता. बदल्यात आलं ते राज्याचं सहायक अनुदान, म्हणजे दुसऱ्याने ठरवलेली रक्कम, दुसऱ्याने ठरवलेल्या तारखेला. स्वतःचं म्हणावं असं मुख्य उत्पन्न घरपट्टी उरलं.

परदेशी मदत नगरपरिषदेत निराळ्याच रूपात आली, असं वर म्हटलं. ते तिसरं दार कोणतं, हे आता सांगतो. अमेरिकेच्या यूएसएआयडीने 1994 ते 2011 या काळात 'फायर-डी' नावाचा प्रकल्प भारतातल्या शहरांसाठी चालवला. 1998 मध्ये अहमदाबाद महापालिकेने राज्याच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढले, त्यामागे हा प्रकल्प होता. क वर्ग नगरपरिषदेला रोख्यांशी काय देणंघेणं? काही नाही. पण रोखे घेणारा माणूस विचारतो, तुमचा ताळेबंद कुठे आहे. आणि बहुतेक पालिकांकडे ताळेबंदच नव्हता, फक्त जमा-खर्चाची वही होती. अकराव्या वित्त आयोगाने हिशेब सुधारण्याची शिफारस केली, कॅगच्या कार्यगटाने नमुने बनवले आणि 2004 मध्ये राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमावली आली, तिच्या तयारीत फायर-डीचं साहाय्य होतं. महाराष्ट्राची नगरपरिषद लेखा संहिता 2013 ची.

फरक काय पडतो? समजा एका वर्षाची घरपट्टीची मागणी 10 लाख आणि वसुली 6 लाख. जुन्या वहीत 6 लाख जमा दिसतात आणि गोष्ट तिथेच संपते. नव्या पद्धतीत 10 लाख उत्पन्न दिसतं, 4 लाख येणं दिसतं, आणि ते येणं दर वर्षी साचत गेलं की ताळेबंदात डोंगर दिसतो. कुणाकडे किती थकलंय हे पूर्वी वसुली कारकुनाला माहीत असायचं, आता ते छापलेल्या आकड्यात उतरतं. तसंच ठेकेदारांची देणी, न खर्चलेलं अनुदान, त्यावरचं व्याज.

पुढचं पाऊल पंधराव्या वित्त आयोगाने उचललं आणि ते ओळखीचं वाटेल. 2021 ते 2026 या काळात दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानात 40 टक्के मोकळं आणि 60 टक्के बांधील, त्यातलं निम्मं स्वच्छतेसाठी, निम्मं पाण्यासाठी. आणि दारातच अटी. आदल्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर हवेत. राज्याने घरपट्टीचा किमान दर अधिसूचित केलेला हवा आणि घरपट्टीची वसुली राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीच्या गतीने वाढायला हवी. आधी किमान अट, मग पैसा, हा सांगाडा युगांडाच्या प्रयोगाशी जुळतो. आपल्याकडे तो कुठल्या देणाऱ्याच्या कराराने नव्हे, घटनेनुसार नेमलेल्या आयोगाने आणला. मदतीची कल्पना इतकी मुरली की तिला आता मदत म्हणत नाहीत.

पण या सांगाड्याला एक माणूस लागतो, तो म्हणजे निवडून आलेला नगरसेवक. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत 2021 अखेरीस-2022 च्या सुरुवातीला संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि त्या झाल्या डिसेंबर 2025 मध्ये. मधली वर्षं प्रशासकाची. हिशेब चढत राहिले, निविदा निघत राहिल्या. घरपट्टी वाढवायची का, थकबाकीदार बड्याचं नळकनेक्शन तोडायचं का, हे प्रश्न मतदाराला उत्तर द्यावं लागणाऱ्या कुणाकडेच नव्हते. अटी पाळणं आणि लोकांना जबाब देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अधिकारी एकटा करू शकतो.

नगरपरिषदेच्या बाजूला आणखी एक उणीव आहे, आणि ती हद्दीवर उभं राहिलं की ठळक दिसते. पाणलोट असो की आपलं पाणी, गावातली सगळी मांडणी ग्रामसभेवर टांगलेली होती. समिती ग्रामसभेने नेमायची, आराखडा तिने मंजूर करायचा, हिशेब तिच्यापुढे वाचायचा. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही, तहकूब सभा उरकली जाते, सह्या घरी जाऊन घेतल्या जातात, हे सगळं खरं. तरी कायद्याने ती सभा आहे, आणि 100 किंवा 15 टक्के मतदार, यातले जे कमी असतील ते, जमले की ती चालते. ग्रामपंचायतीचा जमा-खर्च आता ई-ग्रामस्वराजवर कुणालाही पाहता येतो आणि तो छापून सभेत विचारताही येतो. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा नगरसेवकांची असते. नागरिकाला बोलायची जागा तिथे नाही. घटनेने सांगितलेल्या प्रभाग समित्या तीन लाखांवरच्या शहरांसाठी आहेत, आणि क्षेत्रसभा ग्रामसभेसारखी रुळलेली नाही. त्यामुळे देवळाली प्रवरेतल्या माणसाला ताळेबंद संकेतस्थळावर वाचता येईल, पण त्यातल्या येणे रकमेबद्दल विचारायचं तर नगरसेवकाला गाठून तो प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेवर आणावा लागेल, नाहीतर मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा लागेल: घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, बांधील अनुदानातलं अखर्चित किती, आणि मागच्या लेखापरीक्षणातल्या आक्षेपांपैकी किती निकाली निघाले.